बिम आणि ब्लॉकचेन : बांधकामातील जोडणी

इमारतीच्या संगणकीय माहिती-प्रतिमानातील म्हणजे बिममधील बदल, मंजुऱ्या आणि त्यांवरून निघणारी देयके यांची नोंद ब्लॉकचेनवर, म्हणजे सर्व पक्षांकडे सारखी प्रत असलेल्या आणि मागाहून गुपचूप न बदलता येणाऱ्या नोंदींच्या साखळीवर, ठेवण्याची पद्धत. बिममधील प्रत्येक तुळईला तिचे माप, काँक्रीटची प्रत, सळयांचे वजन आणि किंमत जोडलेली असते. ब्रिटनने एप्रिल २०१६ पासून केंद्र सरकारच्या कामांना बिम सक्तीचे केले. नागपूर मेट्रोच्या उभारणीत वेळ व खर्च जोडलेले पंचमितीय बिम वापरले गेले.

एकाच प्रतिमानावर वास्तुविशारद, संरचना अभियंता, नळकाम व विजेचे सल्लागार आणि कंत्राटदार काम करतात. तुळईची खोली कोणी, केव्हा आणि कोणाच्या मंजुरीने बदलली, यावरून वाद होतात. आयएसओ १९६५० या मानकातील सामाईक माहितीसाठ्यात सगळ्या आवृत्त्या असतात. मात्र त्याच्या चाव्या बहुधा एकाच पक्षाकडे असतात. ब्लॉकचेनची खरी गरज इथेच आहे.

प्रतिमानाची फाइल अवजड असल्याने ती साखळीवर चढवत नाहीत. तिचा हॅश, म्हणजे फाइलमधील मजकुरावरून गणिताने काढलेला आणि मजकूर जराही बदलला तर बदलणारा छोटा ठसा, तेवढा नोंदवतात. एसएचए-२५६ पद्धतीने तो ६४ अंकाक्षरांचा येतो. दस्तऐवजांवर अशी कालमुद्रा उमटवण्याची रीत स्टुअर्ट हेबर व स्कॉट स्टॉर्नेटा यांनी १९९१ मध्ये, बिटकॉइनच्या बऱ्याच आधी मांडली. बांधकामासाठी ओळखीच्या सभासदांपुरती मर्यादित साखळी, उदा. हायपरलेजर फॅब्रिक, अधिक सोयीची ठरते.

यात एक मोठी अडचण आहे, आणि तिची चर्चा व्हावी तितकी होत नाही. प्रतिमानांच्या देवाणघेवाणीसाठी आयएफसी हा खुला फाइल-प्रकार वापरतात. त्याच्या शीर्षभागात फाइल तयार झाल्याची वेळ असते. शिवाय पुन्हा निर्यात करताना आतील ओळींचे क्रमांक बदलू शकतात. म्हणजे इमारतीत काडीचाही फरक नसताना हॅश मात्र वेगळा येतो. त्यावरचा पटण्याजोगा उपाय म्हणजे प्रत्येक घटकाच्या कायम ओळखक्रमांकाखाली त्याच्या गुणधर्मांचा स्वतंत्र हॅश ठेवणे. हे काम किचकट आहे, पण त्याशिवाय नोंदीला अर्थ उरत नाही.

दुसरा उपयोग देयकांचा. निक साबो यांनी १९९०च्या दशकात मांडलेल्या स्मार्ट करारानुसार ठरलेली अट पूर्ण होताच पैसे आपोआप वळते करता येतात. जानेवारी २०१८ मध्ये ब्रिटनमधील कॅरिलियन ही कंपनी बुडाली आणि असंख्य उपकंत्राटदारांची देणी थकली; अशांना ही सोय मोलाची वाटावी. पण स्लॅब खरोखर पडला की नाही, हे साखळीला कळत नाही. सार्वजनिक बांधकाम खात्यात कनिष्ठ अभियंता मोजमाप पुस्तकात नोंद करतो आणि वरिष्ठ ती तपासतो. ती नोंद खोटी असेल, तर ब्लॉकचेन तो खोटेपणाच कायम जपून ठेवील.

नोंदी जपण्याची गरज इमारत उभी राहिल्यावरही असते. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजी लागलेल्या आगीत ७२ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतरच्या २०२२ च्या कायद्याने उंच निवासी इमारतींची सुरक्षाविषयक माहिती डिजिटल स्वरूपात जपणे बंधनकारक केले. ब्लॉकचेनची सक्ती त्यात नाही.