छायाचित्रातले हे ‘बंधू’ नेमके कोणत्या संघाचे?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत काढलेले एखादे सामूहिक छायाचित्र डोळ्यांसमोर आणावे. इमारतीच्या पायऱ्यांवर तीन रांगा, गंभीर चेहरे, भरघोस मिशा. प्रत्येकाच्या गळ्यात झालरीचा रुंद पट्टा, काहींच्या कमरेला एप्रन, दोघांच्या हाती तलवारी. मागच्या बाजूस कोणीतरी पेन्सिलीने एकच शब्द लिहून ठेवलेला असतो: ‘मेसन’. हा शब्द पुष्कळदा चुकीचा निघतो.

चूक समजण्याजोगी आहे. गूढ विधी, एप्रन आणि बिल्ले म्हटले की फ्रीमेसनच आठवतात. पण त्या काळी अमेरिकेत असे बंधुसंघ शेकड्यांनी होते. डब्ल्यू. एस. हारवूड या लेखकाने १८९७ साली अंदाज मांडला होता की देशातील सुमारे १ कोटी ९० लाख प्रौढ पुरुषांमागे या संघांचे सभासदत्व ५० लाखांहून अधिक भरते. एकच गृहस्थ दोन-तीन संघांत असे, हे लक्षात घेतले तरी आकडा थक्क करणारा आहे.

इतकी माणसे केवळ गुप्त खुणा आणि हस्तांदोलनाच्या हौसेने जमली नव्हती. सरकारी विमा नव्हता, निवृत्तिवेतन नव्हते. कामगार आजारी पडला की घरची चूल विझण्याची वेळ येई. संघाची वर्गणी भरणाऱ्यास आजारपणात साप्ताहिक मदत मिळे, मृत्यूनंतर अंत्यविधीचा खर्च निघे आणि विधवेच्या हाती काही रक्कम पडे. १८६८ मध्ये पेनसिल्व्हेनियातील मीडव्हिल येथे स्थापन झालेल्या ‘एन्शंट ऑर्डर ऑफ युनायटेड वर्कमेन’ने तर सभासदांच्या आयुर्विम्याचीच पद्धत रूढ केली. छायाचित्रातला तो झालरीचा पट्टा एका अर्थी विम्याची पावतीच होती.

मग ओळख पटवायची कशी? प्रथम अक्षरे आणि चिन्हे पाहावीत. एकमेकींत गुंफलेल्या तीन कड्या दिसल्या की तो संघ ऑड फेलोजचा. १८१९ मध्ये बाल्टिमोर येथे थॉमस वाइल्डी यांनी त्याची अमेरिकन शाखा उभी केली, आणि त्या कड्यांतील एफ, एल, टी ही अक्षरे मैत्री, प्रेम व सत्य यांची. तळहातावर हृदय हे चिन्हही त्यांच्याकडे वारंवार दिसते. ढालीवर एफ, सी, बी असेल तर १८६४ मध्ये वॉशिंग्टन येथे स्थापन झालेला ‘नाइट्स ऑफ पिथियास’. कुऱ्हाडी घेऊन कवायतीच्या पवित्र्यात उभे असलेले तरुण लाकूडतोडे नसून बहुधा ‘मॉडर्न वुडमेन’ असतात; कुऱ्हाड, मोगरी आणि पाचर हे त्यांचे चिन्ह. पिसे खोचून, मूळ रहिवाशांचा वेश करून बसलेले लोक पाहून कोणी ‘आदिवासी टोळी’ अशी नोंद करते, तेव्हा ते पुष्कळदा ‘इम्प्रूव्ड ऑर्डर ऑफ रेड मेन’चे गोरे दुकानदार आणि कारकून असतात. ज्यांचा वेश चढवला जाई त्यांना मात्र त्या संघात प्रवेश नव्हता!

तलवारीवर विसंबून राहू नये. ओहायोतील कोलंबस येथील एम. सी. लिली कंपनीसारखे कारखाने एकाच छताखाली अनेक संघांचा साज बनवीत आणि सूचिपत्रे छापून तो टपालाने विकत. पाते तेच, मुठीवरची नक्षी तेवढी बदलायची. त्यामुळे संपूर्ण पोशाखापेक्षा मुठीवरचे इंचभर चिन्ह अधिक बोलते.

रंगाच्या बाबतीत तर छायाचित्र सरळ फसवते. त्या काळच्या काचफलकांवरील रसायनाला निळा प्रकाश चटकन जाणवे, तांबडा जवळजवळ जाणवतच नसे. परिणामी फिकट निळी किनार पांढरी दिसते आणि शेंदरी पट्टा काळाकुट्ट. ‘सगळ्यांनी काळे पट्टे घातले आहेत, म्हणजे सुतक असावे’ हा तर्क म्हणूनच धोक्याचा. सुतकाची खरी खूण निराळी आहे. अनेक संघांच्या छातीवरच्या फिती दुतोंडी असत: एका बाजूस मिरवणुकीसाठी रंगीत मजकूर, दुसऱ्या बाजूस काळ्या रेशमावर रुपेरी अक्षरांत स्मृत्यर्थ मजकूर. सभासदाच्या अंत्ययात्रेस जाताना फीत उलटी करायची. भिंगाखाली ती अक्षरे वाचता आली तर छायाचित्राचा प्रसंगही कळतो. पत्र्यावरची जुनी छायाचित्रे आरशातल्याप्रमाणे उलटी उमटत. त्यांतली अक्षरे वाचण्यापूर्वी प्रतिमा फिरवून घ्यावी लागते.

येथपर्यंतची ओळख बिल्ले जुळवण्याने होते. खरी अडचण पुढे आहे, कारण एकच चिन्ह दोन परस्परविरोधी गटांच्या छातीवर असू शकते.

१७७५ मध्ये बॉस्टन येथे प्रिन्स हॉल आणि इतर १४ कृष्णवर्णीयांनी ब्रिटिश सैन्याशी जोडलेल्या एका लॉजमध्ये मेसन दीक्षा घेतली. अमेरिकन लॉजनी त्यांना जवळ केले नाही, तेव्हा त्यांनी सनद थेट इंग्लंडहून मिळवली. ऑड फेलोजमध्ये हेच घडले. अमेरिकन संघाची दारे बंद असल्यामुळे १८४३ मध्ये पीटर ऑग्डेन या जहाजावर काम करणाऱ्या कृष्णवर्णीय गृहस्थाने इंग्लंडमधील ‘ग्रँड युनायटेड ऑर्डर’कडून न्यूयॉर्कसाठी सनद आणली. तीन कड्या त्याच, ब्रीद तेच. फरक फितीवरच्या आद्याक्षरांत: गोऱ्यांची ‘आय. ओ. ओ. एफ.’, कृष्णवर्णीयांची ‘जी. यू. ओ. ओ. एफ.’. स्त्रियांच्या शाखाही वेगळ्या. एकीकडे रिबेका, दुसरीकडे ‘हाउसहोल्ड ऑफ रूथ’.

हे साम्य गोऱ्या संघांना खुपत होते. १८८० मध्ये मिसिसिपीत कृष्णवर्णीयांनी आपला नाइट्स ऑफ पिथियास उभा केला. त्याच्या नावापुढे उत्तर अमेरिका, दक्षिण अमेरिका, युरोप, आशिया, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया हे सारे खंड जोडलेले होते. जॉर्जियातील गोऱ्या पिथियासांनी नाव आणि चिन्हे वापरण्यास मनाई मिळावी म्हणून दावा लावला आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात तो जिंकलाही. कृष्णवर्णीय संघ वॉशिंग्टनला गेला. १९१२ मध्ये संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. गोऱ्या संघाने इतकी वर्षे आक्षेप घेतला नाही, आता तो घेता येणार नाही, असा निर्णय झाला. निकालपत्र लिहिणारे सरन्यायाधीश एडवर्ड व्हाइट तरुणपणी गुलामगिरीवादी दक्षिणेच्या सैन्यात होते, हा इतिहासाचा एक चमत्कारिक योग. १९२९ मध्ये श्राइनर्स या मेसन शाखेच्या खटल्यातही विलंबाच्याच मुद्द्यावर कृष्णवर्णीयांची बाजू टिकली.

म्हणूनच संग्रहालयातल्या छायाचित्राखाली ‘अज्ञात कृष्णवर्णीय मेसन’ एवढेच लिहिणे अपुरे ठरते. त्या माणसांनी छातीवरची अक्षरे न्यायालयात लढून राखली होती.

मुंबईच्या छायाचित्रांनाही असाच इतिहास आहे. माणकजी कर्सेटजी या पारशी गृहस्थांना मुंबईतील युरोपियनांच्या लॉजचे दार उघडले नाही. त्यांनी पॅरिसला जाऊन मेसन दीक्षा घेतली. पुढे १८४३ मध्ये डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने स्कॉटिश सनदेखाली ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे भारतीयांसाठीचे लॉज मुंबईत सुरू झाले. (काबूलमध्ये मारले गेलेले अलेक्झांडर बर्न्स हे त्यांचे बंधू.)

मुंबईत इंग्रजी आणि स्कॉटिश अशा दोन्ही सनदांची लॉज होती. पारशी पगडी आणि एप्रन एकत्र दिसले, तरी तेवढ्यावरून लॉज ठरत नाही. एप्रनची वरची घडी पाहावी: त्रिकोणी असेल तर इंग्रजी परंपरा, अर्धगोल असेल तर बहुधा स्कॉटिश. गळपट्ट्याच्या टोकाला लोंबणाऱ्या चिन्हावरून पदही कळते. गुण्या असेल तर लॉजचा प्रमुख, किल्ली म्हणजे खजिनदार, आडव्यातिडव्या लेखण्या म्हणजे चिटणीस. गुण्याखाली चांदीच्या पत्र्यावर तीन चौरसांची भूमितीची आकृती दिसली, तर ते पायथागोरसचे प्रमेय समजावे. इंग्रजी सनदेच्या लॉजचे प्रमुखपद भूषवून निवृत्त झालेल्या सभासदाचे ते पदक असते.