हात सोडला की थांबते?

२२ जुलै २०२१ रोजी सावित्री नदीच्या पुराचे पाणी महाड शहरात शिरले. त्याच पावसात तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. पोलादपूर तालुक्यातही दरडी आल्या. असा पूर ओसरला की घरात, दुकानात चिखल उरतो. मग दुरुस्तीची कामे निघतात आणि पाण्यात बुडालेले ड्रिल, ग्राइंडर, विजेचा रंधा उन्हात वाळवून पुन्हा वापरावे असे कोणालाही वाटते. बऱ्याचदा ती हत्यारे चालूही होतात. पण चालू झालेले हत्यार सुरक्षित असतेच का? याचे उत्तर शोधण्यासाठी या हत्यारांच्या इतिहासात डोकवावे लागेल.

सुताराचे जुने गिरमिट आठवा. ते फिरवणारा हात थांबला की गिरमिटही थांबते. करवत, रंधा, पटाशी यांचेही तसेच. हात हीच त्यांची शक्ती आणि हात हाच त्यांचा ब्रेक. वीज आली आणि ही जोडी फुटली. १८८९ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे अर्नॉट आणि ब्रेन यांनी विजेवर चालणाऱ्या ड्रिलचे पेटंट घेतले. १८९५ मध्ये जर्मनीतील श्टुटगार्ट येथील फाइन यांच्या कारखान्यात हातात धरता येईल असे ड्रिल तयार झाले. आता हात नुसता धरण्यापुरता उरला. फिरवण्याचे काम मोटार करू लागली.

हरवलेला ब्रेक परत आणला तो अमेरिकेतील डंकन ब्लॅक आणि अलोन्झो डेकर यांनी. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबायचा खटका असलेल्या त्यांच्या ड्रिलला १९१७ साली पेटंट मिळाले. बोट दाबले की हत्यार चालू, सोडले की बंद. आज जवळजवळ प्रत्येक ड्रिलवर हा खटका असतो. काम सोपे व्हावे म्हणून तो दोरीने बांधून ठेवणारा माणूस शंभर वर्षांपूर्वी सुटलेला प्रश्न पुन्हा उभा करतो.

मात्र 'हात सोडला की थांबते' या आश्वासनात एक मोठी फट होती. ती दिसायला आणखी काही दशके जावी लागली. कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांनी १९४०च्या दशकात स्वयंसेवकांवर काळजीपूर्वक प्रयोग केले. हातात धातूची कांडी देऊन प्रवाह हळूहळू वाढवायचा आणि ती कांडी कधी सोडता येत नाही ते पाहायचे. पुरुषांमध्ये ही मर्यादा सरासरी १६ मिलिअँपिअर आणि स्त्रियांमध्ये सुमारे १०.५ मिलिअँपिअर आढळली. आपण म्हणतो, विजेने माणसाला 'धरून ठेवले'. प्रत्यक्षात माणसाला धरून ठेवतात ते त्याचेच स्नायू. मूठ मिटणारे स्नायू मूठ उघडणाऱ्या स्नायूंपेक्षा बलवान असतात. प्रवाहाने दोन्ही आवळले की मूठ घट्ट मिटते. म्हणजे ज्या क्षणी खटका सोडण्याची सर्वांत जास्त गरज असते, नेमका त्याच क्षणी तो सोडता येत नाही.

मग फ्यूज वाचवणार नाही का? साधे गणित करून पाहू. ओल्या शरीराचा रोध सुमारे १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला शरीरातून २३० मिलिअँपिअर प्रवाह जाईल. तो प्राणघातक ठरू शकतो. पण ५ अँपिअरचा फ्यूज म्हणजे ५००० मिलिअँपिअरचा. त्याला याची दखलही लागणार नाही. फ्यूज तारेला वाचवतो, माणसाला नाही.

म्हणून तीन पिनांच्या प्लगमध्ये अर्थिंगची पिन असते. ती लांब असते, कारण प्लग लावताना तिने सर्वांत आधी जोडले जावे आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावे. ती जाड असते, कारण ती दुसऱ्या भोकात जाऊ नये. हत्याराच्या धातूच्या अंगाला आतली जिवंत तार टेकली, तर प्रवाह अर्थिंगमार्गे जमिनीत जातो. त्या वाटेचा रोध २० ओहम असेल, तर ११.५ अँपिअर प्रवाह वाहून ५ अँपिअरचा फ्यूज वितळेल. पण खडकाळ जमिनीत, मे महिन्यात खड्डा कोरडा पडून तोच रोध १०० ओहम झाला, तर प्रवाह फक्त २.३ अँपिअर. फ्यूज शाबूत आणि हत्याराचे अंग जिवंत!

ही उणीव भरून काढणाऱ्या साधनाला आरसीसीबी म्हणतात. डॅल्झिएल यांनीही १९६१ च्या सुमारास याच तत्त्वावरचे साधन बनवले. जाणारा आणि परत येणारा प्रवाह समान आहे का, एवढेच ते पाहते. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की ते सेकंदाच्या अल्प अंशात वीज तोडते. झटका बसतो, पण बहुधा हृदयाची लय बिघडण्याआधी प्रवाह थांबतो.

काही हत्यारांना तिसरी पिन नसते. त्यांच्या पट्टीवर चौकोनात चौकोन अशी खूण असते. तिचा अर्थ दुहेरी विद्युतरोधन. पुराचा चिखल नेमका इथे घात करतो. पाणी वाळते, पण गाळ आणि क्षार आत राहतात आणि पुन्हा ओल आली की दोन्ही रोधकांवरून प्रवाहाला वाट करून देतात. म्हणून बुडालेले हत्यार जाणकार वायरमनकडून उघडून, साफ करून, मेगरने रोध तपासल्याशिवाय प्लगला लावू नये. तेवढा खर्च परवडत नसेल तर ते टाकून द्यावे.

आपल्या जिल्ह्याची या इतिहासातील जागा विचार करण्यासारखी आहे. खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) आणि भिरा (१९२७) ही टाटांची जलविद्युत केंद्रे तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातली. पण त्यांची वीज मुंबईच्या गिरण्यांसाठी गेली. डोंगरातल्या वाड्यांपर्यंत ती पोचायला स्वातंत्र्यानंतर कित्येक वर्षे लागली. वीज आली, मागोमाग हत्यारेही तयार होऊन आली. त्यांच्या प्रत्येक भागामागची कहाणी मात्र आली नाही. म्हणून दोन पिनांच्या सॉकेटमध्ये बसावा यासाठी मोठी पिन तोडली जाते आणि अडचण होते म्हणून ग्राइंडरचे गार्ड काढले जाते.

वर्गात हा धडा घेण्यासाठी वीज लागत नाही. एक सुटा तीन पिनांचा प्लग मुलांच्या हाती द्या आणि एवढेच विचारा : ही पिन लांब आणि जाड का? उत्तर स्वतः शोधलेला मुलगा घरी कोणाला ती तोडू देणार नाही.