स्कोन : दोन दंतकथा आणि एक महागुरू

इंग्रजांच्या चहापानाचे वर्णन आले की स्कोन हा पदार्थ हमखास येतो. मैदा, लोणी, दूध आणि थोडी साखर यांचा तळहातावर मावेल एवढा हा फुगलेला गोल पाव. तो मधोमध उकलावा, वर दाट साय व स्ट्रॉबेरीचा जॅम घालावा आणि गरम चहाबरोबर खावा, ही तिकडची रीत. एवढ्याशा पावाला इतिहास तो कसला, असे कोणी म्हणेल. पण त्याच्याभोवती दोन मठ, दोन दंतकथा आणि एक महागुरू उभे आहेत. खरा इतिहास आणि आवडता इतिहास यांतील अंतर त्यांच्याकडे पाहून उमगते.

पहिली दंतकथा स्कॉटलंडची. पर्थ शहराजवळ स्कून नावाचे स्थान आहे. इंग्रजीत त्याची अक्षरे आणि या पावाची अक्षरे एकच. तेथे ऑगस्टिनियन संन्याशांचा मठ होता, आणि तेथील एका पाषाणावर स्कॉटिश राजांचा राज्यारोहणविधी होत असे. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने १२९६ मध्ये तो पाषाण वेस्टमिन्स्टरला नेला. १९९६ मध्ये तो स्कॉटलंडला परत मिळाला. बेथेल येथे याकोबाने उशाशी घेतलेला दगड तो हाच, अशी श्रद्धा होती. भूगर्भशास्त्रज्ञांनी मात्र तो स्कूनच्याच परिसरातील वालुकाश्म ठरवला आहे. या पाषाणावरूनच पावाला नाव पडले, असे अनेक जण सांगतात. परंतु दोन्ही शब्दांचे उच्चार भिन्न आहेत, आणि पावाचे नाव ‘उत्तम पाव’ या अर्थाच्या जुन्या डच शब्दावरून आले असावे, असे कोशकारांचे अनुमान आहे.

दुसरी दंतकथा आपल्याला अधिक मोहात पाडणारी आहे. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील टॅव्हिस्टॉक येथे बेनेदिक्तिन मठ होता. डेन लोकांनी तो ९९७ मध्ये लुटून जाळला. त्याची पुनर्बांधणी करणाऱ्या मजुरांना संन्याशांनी पाव, साय आणि स्ट्रॉबेरीचा मुरंबा खाऊ घातला, आणि तेथूनच या चहापानाची प्रथा निघाली, असे सांगतात. संन्याशांनी श्रमिकांचा असा पाहुणचार केला, हे ऐकून कोणत्या कॅथलिक मनाला आनंद होणार नाही? पण त्या काळी इंग्लंडात साखर जवळजवळ अपरिचित होती. तेथे उगवत ती चिमुकली रानटी स्ट्रॉबेरी. आजची टपोरी स्ट्रॉबेरी दोन अमेरिकन जातींच्या संकरातून अठराव्या शतकात युरोपात निपजली. संन्याशांनी मजुरांना पाव दिलाही असेल. पण आजचे ताट हजार वर्षे मागे नेऊन मांडता येत नाही.

मग ख्रिस्तसभेचा या पावाशी काहीच संबंध नाही काय? आहे, आणि तो लेखी आहे. हा शब्द लिखित स्वरूपात प्रथम आढळतो तो एका धर्मगुरूच्या लेखणीतून. एडिंबरो येथील सेंट जाइल्स मंदिराचे प्रमुख गॅव्हिन डग्लस यांनी १५१३ मध्ये व्हर्जिलच्या ‘एनिड’ महाकाव्याचा स्कॉट्स लोकभाषेत अनुवाद पूर्ण केला. पुढे ते डनकेल्डचे महागुरू झाले. महाकाव्याच्या सातव्या सर्गात भटके ट्रोजन इटलीच्या किनाऱ्यावर उतरतात. गव्हाच्या पातळ पोळ्यांवर फळे वाढून घेतात आणि भुकेपोटी त्या पोळ्याही खातात. ‘भुकेने आपलीच मेजे खाल, तेथे तुमची भूमी’ अशा आशयाचे भाकीत अशा रीतीने खरे होते. या प्रसंगी डग्लस यांनी आपल्या लोकांच्या चुलीवरचा शब्द योजला : स्कोन. रोमच्या महाकाव्यात गरिबाघरची भाकरी आली! सुमारे शंभर वर्षांनी, १६१६ मध्ये, मूळचे इंग्लंडचे फादर स्टीफन्स यांनी आपल्या मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांनीही लोकांच्या भाषेचाच असा सन्मान केला. डग्लस यांना संत ठरवण्याचे मात्र कारण नाही. ते दरबारी राजकारणात गुंतले आणि १५२२ मध्ये स्वदेशापासून दूर, लंडनला वारले.

तेव्हाचा स्कोन आजच्यासारखा फुगलेला नव्हता. स्कॉटलंडच्या थंडीत गहू कमी पिके. म्हणून ओट व सातू यांच्या पिठाची जाड भाकरी लोखंडी तव्यावर भाजून तिचे चार तुकडे करीत. त्या तुकड्याच्या स्कॉट्स नावाचा अर्थ चौथा भाग, म्हणजे आपली चतकोर! फुगवटा आला तो एकोणिसाव्या शतकात. बर्मिंगहॅमचे आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला यीस्ट सोसत नसे; तिच्यासाठी त्यांनी १८४३ मध्ये बेकिंग पावडर सिद्ध केली. सोडा आणि आम्ल ओले होताच वायू निर्माण होतो व पीठ हलके होते. याच सुमारास उमराव घराण्यांत दुपारच्या चहाची प्रथा रुजली. चहाला इंग्लंडच्या दरबारात प्रतिष्ठा मिळवून दिली होती ती १६६२ मध्ये तेथे राणी म्हणून गेलेल्या कॅथलिक पोर्तुगीज राजकन्या कॅथरिन यांनी. आपली मुंबई इंग्रजांना मिळाली ती त्यांच्याच विवाहात आंदण म्हणून.

घरी स्कोन करणे अवघड नाही. पाव किलो मैद्यात तीन चहाचे चमचे बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ आणि २५ ग्रॅम साखर मिसळावी. ५० ग्रॅम थंड लोणी बोटांच्या टोकांनी रव्यासारखे होईतो पिठात चोळावे. सुमारे १५० मिलिलिटर दूध घालून गोळा जेमतेम एकत्र करावा. मळू नये, मळल्यास पाव चिवट होतो. इंचभर जाड थापून पेल्याच्या काठाने गोल कापावेत. कापताना पेला फिरवू नये, नाहीतर पाव वाकडा फुगतो. २२० अंशांच्या भट्टीत ते बारा ते पंधरा मिनिटांत तयार होतात. भट्टी नसेल तर थोडे पातळ थापून जाड तव्यावर मंद आचेवर, झाकण ठेवून, दोन्ही बाजूंनी भाजावेत. स्कोनची मूळ रीत तव्याचीच आहे.

आपल्या धर्मग्रामांच्या सणांनिमित्त स्मरणिका निघतात. त्यांत चर्चचा, क्रुसांचा आणि जुन्या घराण्यांचा इतिहास लिहिताना आपल्यालाही टॅव्हिस्टॉकचा मोह होतो. कोणत्याही पुराव्याशिवाय एखादा चमत्कार किंवा एखादे शतक आपण भक्तिभावाने वाढवतो. पण ज्याने स्वतःला सत्य म्हटले, त्या प्रभूच्या गौरवासाठी खोट्याचा टेकू लागत नाही. बाप्तिस्म्याच्या वहीतील एक खरी नोंद शंभर रम्य कथांहून मोलाची आहे. रोजची भाकर आपण प्रभूजवळ मागतो. ती भेसळीविना मिळावी, तसा इतिहासही भेसळीविना मुलांच्या हाती द्यावा.