एका बिंदूच्या दोन रेषा

वर्गात चष्मा लावणारी चार-पाच मुले असतातच. त्यांच्यापैकी एखाद्याचा चष्मा हातभर लांब धरून त्यातून खिडकीचे गज पाहावेत आणि चष्मा चक्रासारखा सावकाश फिरवावा. साधे गोल भिंग असेल तर गज सरळच राहतात. काही चष्म्यांतून मात्र ते कात्रीच्या पात्यांसारखे तिरके होऊ लागतात. अशा चष्म्याच्या चिठ्ठीवर ‘सिलिंड्रिकल’ आणि ‘ॲक्सिस’ हे रकाने भरलेले असतात. डोळ्याचे पारपटल चेंडूसारखे गोल नसून चमच्याच्या पाठीसारखे असले, की उभ्या आणि आडव्या दिशेचे किरण वेगवेगळ्या अंतरांवर एकत्र येतात. बिंदूची प्रतिमा बिंदू राहत नाही. हीच अबिंदुकता.

हा दोष प्रथम मोजला तो प्रकाशाच्या तरंगांसाठी प्रसिद्ध असलेल्या टॉमस यंगने, आणि तोही स्वतःच्याच डोळ्यात. १८०१ साली छापलेल्या निबंधात तो सांगतो, की डोळा शिथिल असताना आडव्या दिशेने पसरणारे किरण सात इंचांवरून आणि उभ्या दिशेचे दहा इंचांवरून आले तरच दृष्टिपटलावर नीट जुळतात. दोन्ही अंतरे इतकी कमी, म्हणजे यंग लघुदृष्टीचाही होता. दोष कोठे आहे हे ठरवण्यासाठी त्याने डोळ्यासमोर पाणी भरलेली नळी धरली. पाण्याशी भिडताच पारपटलाची वक्रीभवनाची शक्ती जवळजवळ नाहीशी होते. तरीही दोष उरला. तेव्हा तो आतल्या नेत्रभिंगात असला पाहिजे! (बहुतेकांमध्ये तो पारपटलातच असतो, हे नंतर डोंडर्सने दाखवले.) या दोषाचा आपल्याला कधी त्रास झाला नाही, असेही यंग लिहितो. त्रास नसताना एवढी खटपट करणारा माणूस आम्हाला तरी फार आवडतो.

जॉर्ज एअरीला मात्र त्रास होता. केंब्रिजमध्ये असताना या तरुण गणितज्ञाच्या लक्षात आले, की वाचताना आपला डावा डोळा काहीच काम करत नाही. कार्डाला टाचणीने भोक पाडून ते त्याने डोळ्यापासून मागेपुढे सरकवून पाहिले. साडेतीन इंचांवर ठिपक्याची एक रेषा झाली आणि सहा इंचांवर तिला काटकोनातली दुसरी. विद्यार्थ्यांकडून आकडेमोड करून घ्यावी: ३९.३७ ला या अंतरांनी भागले, की सुमारे ११.२ आणि ६.६ डायॉप्टर मिळतात. फरक साडेचाराच्या वर. यंगचा हाच फरक जेमतेम पावणेदोन येतो. दोघांच्या अनुभवांतला फरक यातच आहे. एअरीने एका बाजूस गोल आणि दुसऱ्या बाजूस दंडगोल वक्रता असलेले भिंग आखले, इप्सविचच्या फुलर नावाच्या कारागिराने ते घासून दिले, आणि १८२५ साली निकामी डोळा वाचू लागला.

भिंग डोळ्याच्या आतच बसवण्याची कल्पना शतकभराने आली. हॅरॉल्ड रिडलीने १९४९ मध्ये लंडनला मोतीबिंदूच्या रोग्याला प्लास्टिकचे भिंग बसवले. लघुदृष्टीसाठी, नैसर्गिक भिंग जागेवर ठेवून, इटलीत स्ट्रांपेल्लीने १९५३च्या सुमारास पारपटलामागे भिंग ठेवून पाहिले. परिणाम वाईट झाला. पारपटलाच्या आतल्या पेशी मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. अनेक डोळ्यांतील पारपटले गढूळ झाली आणि भिंगे काढावी लागली. मोतीबिंदूत निदान आंधळेपणाशी सामना असतो. इथे चष्म्याने नीट दिसणारा डोळा पणाला लावला होता. पुढची कित्येक वर्षे डॉक्टर या वाटेला फारसे गेले नाहीत, ते योग्यच झाले असे आम्हाला वाटते.

१९८६ मध्ये मॉस्कोच्या फ्योदोरॉव्ह यांनी जागा बदलली. भिंग परितारिकेच्या मागे, नैसर्गिक भिंगाच्या पुढे. त्यातूनच आजची मऊ, घडी घालून आत सरकवता येणारी भिंगे निघाली. अबिंदुकताही घालवणाऱ्या त्यांच्या ‘टॉरिक’ प्रकाराला अमेरिकेत २०१८ साली परवानगी मिळाली. युरोपात तो आधीपासून होता.

चष्म्याची काच चौकटीत पक्की असते, डोळ्यातले भिंग फिरू शकते. ते θ अंशांनी फिरले, तर मूळ दोषाच्या २ साइन θ पट दोष उरतो. १५ अंशांना अर्धा फायदा गेला; ३० अंशांना मूळचा दोष जेवढ्यास तेवढा, फक्त दिशा वेगळी. म्हणून भिंगाचे माप डोळ्यागणिक काढावे लागते. लहान पडले तर फिरते, मोठे झाले तर पुढे फुगते. शिवाय माणूस आडवा झाला, की डोळा स्वतःच काही अंश वळतो. त्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वी रोग्याला सरळ बसवून डोळ्यावर शाईने खूण करतात आणि मगच टेबलावर झोपवतात.