साहेबांच्या वर्गातली दास्तान

हजरत हमजा (रजि.) हे पैगंबरांचे काका. हिजरी 3 मध्ये, म्हणजे इ.स. 625 मध्ये, उहुदच्या लढाईत ते शहीद झाले. एवढे आपल्या घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. पण दास्तानमधला अमीर हमजा अठरा दिवसांसाठी कोह-ए-काफला, पऱ्यांच्या आणि देवांच्या मुलखात जातो आणि तिथे त्याची अठरा वर्षे जातात. (उर्दू किश्शांतला देव म्हणजे राक्षस; मराठीतल्या देवाशी गल्लत नको.) इथे बी.ए.ला उर्दू घेतलेली मुले अडखळतात. धानोऱ्याकडे सुटीत आलेली मुले विचारतात, "सर, हे खरं नाही ना? मग शिकायचं कशाला?"

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर श्रद्धेत शोधू नये, इतिहासात शोधावे.

दास्तान ही सीरत नव्हे, आणि तसा दावा सांगणाऱ्यांनीही केला नाही. ती बाजारात, महालात, रात्री जागून ऐकायची गोष्ट. अकबराला ती इतकी आवडली की त्याने तिची सुमारे 1400 चित्रे काढून घेतली. त्या कामाला पंधराएक वर्षे लागली. ऐकणाऱ्याला सीरत वेगळी आणि दास्तान वेगळी हे ठाऊक होते. गोंधळ झाला तो ती वर्गात आल्यावर.

आणि वर्गात ती आली साहेबांसाठी. 1800 मध्ये कलकत्त्यात फोर्ट विल्यम कॉलेज निघाले. कंपनीच्या तरुण इंग्रज नोकरांना इथली भाषा शिकवायची होती, पण साध्या गद्याची पुस्तके फारशी नव्हती. तेव्हा हिंदुस्तानीचे प्रमुख गिलख्रिस्ट यांनी मुन्शींकडून किस्से लिहवून घेतले. खलील अली खान अश्क यांनी 1801 मध्ये अमीर हमजाची दास्तान लिहिली, मीर अम्मन यांनी चार दरवेशांची 'बाग-ओ-बहार'. म्हणजे दास्तानचे पहिले कॉलेज विद्यार्थी आपली नव्हे, इंग्रजांची मुले होती.

मराठीही त्याच छपराखाली होती, हे आपण विसरतो. तिथे मराठी शिकवायचे विल्यम केरी, आणि त्यांच्या हाताखाली पंडित वैजनाथ शर्मा. वैजनाथांची 'सिंहासन बत्तिशी' 1814 मध्ये श्रीरामपूरला छापली गेली (हे बंगालमधले श्रीरामपूर, आपल्या नगर जिल्ह्यातले नव्हे). विक्रमाच्या सिंहासनावरच्या बत्तीस पुतळ्या बोलतात आणि हमजाचा सोबती अमर अय्यार आपल्या जंबीलमध्ये, म्हणजे झोळीत, वाट्टेल ते मावून घेतो. मराठी आणि उर्दू गद्याची सुरुवातीची पाठ्यपुस्तके अशी चमत्कारांनी भरलेली होती. त्यांना वेगळ्या कप्प्यात टाकणारे आपण नंतरचे.

1857 नंतर हवा बदलली. सुधारकांना उपयोगाचे साहित्य हवे होते. डिप्टी नजीर अहमद यांच्या 'तौबत-उन-नसूह' कादंबरीत बाप मुलाची पुस्तके जाळतो. मुले मला जे विचारतात, ते त्या बापाच्याही मनात होते. गंमत अशी की त्यानंतर थोड्याच वर्षांत, 1883 पासून, लखनौच्या नवल किशोर छापखान्याने 'तिलिस्म-ए-होशरुबा' छापायला घेतली, आणि हमजाच्या दास्तानची पुढे 46 जाडजूड पुस्तके झाली. लोक वाचत होते म्हणूनच ना!

अवघड ती आहेच. तुकबंद गद्य, फारसी शब्दांचे डोंगर, पानभर चालणारी वर्णने. परीक्षेपुरता उतारा घेतला की उरतात फक्त कठीण शब्द. पण ती वाक्ये मुळात डोळ्यांसाठी नव्हतीच. मोठ्याने म्हटली की तुकेचा ठेका लागतो आणि अर्धा अर्थ आपोआप कळतो. आमच्या सातपुड्यातल्या आदिवासी मुलाला हे वेगळे सांगावे लागत नाही. याहा मोगीची कथा त्याने ऐकलेली असते, पुस्तकात वाचलेली नसते.

दिल्लीचे जुन्या परंपरेतले शेवटचे दास्तानगो मीर बाकर अली 1928 मध्ये वारले. पुढे शम्सुर्रहमान फारुकी यांनी ती 46 पुस्तके जमवली, त्यांवर 'साहिरी, शाही, साहिबकिरानी' हा ग्रंथ लिहिला, आणि 2005 मध्ये महमूद फारुकी यांनी त्यांच्याच मदतीने दास्तानगोई पुन्हा मंचावर आणली. दोन माणसे, पांढरे कपडे, आणि समोर ऐकणारे लोक. उताऱ्याच्या आधी मुलांनी ते ऐकावे, शब्दार्थाची वही नंतर उघडावी.