शिलेदार, बारगीर आणि ९८ नंबरची गाडी

उदगीरचं नाव काढलं की पुण्यातले लोक बहुतेक वेळा १७६० च्या लढाईबद्दल बोलतात. साहित्यवाले असतील तर २०२२ साली तिथे भरलेलं ९५ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आठवतात. देवणी बैलांबद्दल मात्र क्वचितच कोणी विचारतं. आज या लेखात लढाई येणार आहे, बैल येणार आहेत आणि मधे कॅलिफोर्नियातली एक मोटारींची शर्यतही येणार आहे. ही खिचडी का, ते कळेल हळूहळू. शनिवार आहे, चहा घेऊन बसा.

आधी लढाई. ३ फेब्रुवारी १७६० ला सदाशिवरावभाऊंच्या फौजेने उदगीर-औसा भागात निजामाचा पराभव केला. निजामाला सुमारे ६० लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख सोडावा लागला. आपण शाळेत हे एका ओळीत शिकतो आणि लगेच पुढच्या ओळीत पानिपत येतं. पण मला या फौजेतला एक बारीक तपशील फार आवडतो. मराठी घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं घेऊन येणारा तो शिलेदार. सरकारी पागेतल्या किंवा दुसऱ्या कोणाच्या घोड्यावर बसून लढणारा तो बारगीर. शिवाजी महाराजांचा भर बारगिरांवर होता, पुढे पेशवाईत शिलेदार वाढत गेले.

लढाईत दोघेही तलवारीसमोर तितकेच उघडे. पण घोडा मेला की फरक कळायचा. बारगिराचा घोडा गेला तर नुकसान मालकाचं. शिलेदाराचा घोडा गेला तर त्याची रोजीरोटीच गेली. थोडक्यात, जीव कोणाचा आणि भांडवल कोणाचं, हा हिशोब आपल्याकडे अडीचशे वर्षांपूर्वीही वेगळा मांडला जायचा.

हाच हिशोब मोटारींच्या शर्यतीत जसाच्या तसा आहे. फक्त तिथे आपण बारगिराला ओळखतो आणि घोड्याच्या मालकाला विसरतो. शूमाकर माहीत नाही असा मनुष्य आपल्या क्युबिकलमध्ये सापडणार नाही. त्याच्या गाडीमागे पैसा कोणाचा होता, ती कोणी बांधली, हे सांगणारे किती?

म्हणूनच एका मालकाच्या स्मरणार्थ होणारी शर्यत मला गमतीची वाटली. ती आहे ‘मिजेट’ गाड्यांची. मिजेट म्हणजे बुटकी, चार चाकं उघडी असलेली, एकाच माणसाची गाडी. वजन साधारण ४५० किलो आणि आजच्या इंजिनांची ताकद ३०० अश्वशक्तीच्या वर. तुलनेसाठी, आपली जुनी मारुती ८०० सुमारे ६५० किलोची आणि ३७ अश्वशक्तीची होती. मिजेटला सेल्फ स्टार्टर नसतो, मागून दुसऱ्या गाडीने ढकलून ती सुरू करतात. (ढकलस्टार्ट ही फक्त आपल्या एसटीची मक्तेदारी नाही तर!) मातीच्या छोट्या गोल ट्रॅकवर या गाड्या वळणावर अक्षरशः आडव्या घसरत जातात.

या गाड्यांच्या संघटित शर्यती कॅलिफोर्नियात १९३३ साली सुरू झाल्या. मंदीचा काळ होता. मोठी रेसकार परवडत नव्हती, छोटी परवडत होती. १९३४ मध्ये लॉस एंजेलिसला खास या गाड्यांसाठी गिलमोर स्टेडियम उभं राहिलं आणि त्याच वर्षी थँक्सगिव्हिंगच्या दिवशी एक मोठी शर्यत झाली. अमेरिकेत त्या दिवशी घरोघर टर्की शिजते, म्हणून पुढे शर्यतीचं नाव पडलं ‘टर्की नाइट ग्रां प्री’. ती आजही भरते आणि तिच्या ९८ फेऱ्या असतात.

१०० का नाहीत? आपल्यासारख्या माणसाला असा आकडा दिसला की कोणीतरी लूप चुकीच्या जागी संपवलाय असं वाटतं. पण हा ९८ मुद्दाम ठेवलेला आहे. तो एका मालकाच्या गाडीचा नंबर.

त्याचं नाव जे. सी. अगाजानियन. जन्म १९१३, आर्मेनियाहून आलेल्या कुटुंबात, लॉस एंजेलिसच्या बंदराजवळ सॅन पेड्रोला. वडिलांचा धंदा कचरा उचलण्याचा आणि त्यावर डुकरं पाळण्याचा. पोरगा वयाच्या विशीच्या आत एक रेसकार विकत घेऊन घरी आला, स्वतः चालवायची म्हणून. वडील भडकले. सांगतात की त्यांनी शांतपणे अटी घातल्या: चालव, पण आईचा निरोप घे, घर सोड आणि जाताना आडनावही बदल. शेवटी तडजोड झाली. गाडी ठेवायची, पण चालवायची दुसऱ्याने. म्हणजे ज्याला शिलेदार व्हायचं होतं, त्याला बापाने नुसता पागेचा मालक केला.

पण मालक म्हणून तो मोठा झाला. डोक्यावर काउबॉय हॅट, पायात बूट आणि गाडीवर नंबर ९८. १९५२ ची इंडियानापोलिस ५०० त्याच्या गाडीने जिंकली. ड्रायव्हर होता ट्रॉय रटमन, वय २२. ती शर्यत जिंकणारा इतका तरुण ड्रायव्हर त्यानंतर आजवर झालेला नाही. १९६३ ला पुन्हा जिंकली, पार्नेली जोन्सने.

१९६३ ची गोष्ट सांगायलाच हवी, कारण मालक नेमकं काय करतो हे तिच्यात दिसतं. शेवटच्या टप्प्यात जोन्सच्या गाडीची तेलाची टाकी गळू लागली. मागे होता जिम क्लार्क, इंजिन मागच्या बाजूला असलेली नवीन धाटणीची लोटस घेऊन. ट्रॅकवर तेल सांडलं तर मागचे घसरणार, म्हणून काळा झेंडा दाखवून जोन्सला बाहेर काढायचं का, हा प्रश्न उभा राहिला. लोटसचा मालक कॉलिन चॅपमन मुख्य पंचाकडे धावला, तिकडून अगाजानियनही पोचला. शर्यत चालू आणि कडेला दोन मालक पंचाच्या दोन्ही कानांशी! अगाजानियनचं म्हणणं, टाकीची चीर वरच्या बाजूला आहे, तेलाची पातळी खाली गेली की गळती थांबेल. झेंडा पडला नाही, जोन्स जिंकला, क्लार्क दुसरा. निर्णय बरोबर होता की नाही यावर रेसिंगवाले अजून भांडतात. पण त्या दहा मिनिटांत स्टिअरिंगला हात न लावता शर्यत लढलेला माणूस मालक होता.

टर्की नाइटच्या आयोजनाची जबाबदारी अगाजानियनने १९५५ मध्ये उचलली. गिलमोर स्टेडियम तोवर पाडलं गेलं होतं आणि तिथे टीव्ही स्टुडिओ उभे राहिले होते. १९६० पासून शर्यतीचं घर झालं गार्डीनाचं अ‍ॅस्कॉट पार्क. १९८४ च्या मे महिन्यात तो वारला. नोव्हेंबर १९९० मध्ये अ‍ॅस्कॉटही बंद पडलं आणि तिथली शेवटची शर्यत होती हीच, टर्की नाइट. ट्रॅक गेला, पण शर्यत गेली नाही. मुलांनी ती त्याच्या नावाने चालू ठेवली. कधी आयर्विन्डेल, नंतर व्हेंचुरा, असं बिऱ्हाड बदलत ती चालू राहिली.

इथे मला थांबून विचार करावासा वाटला. जीव ड्रायव्हरचा जातो, मग स्मारक मालकाचं का? हा प्रश्न फालतू नाही. अगाजानियनच्या मुलांच्या भागीदारीतल्या ९८ नंबरच्या गाडीने २०११ साली पुन्हा इंडियानापोलिस जिंकली. ड्रायव्हर होता डॅन व्हेलडन. त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला लास वेगासच्या शर्यतीत, दुसऱ्या संघाची गाडी चालवताना, व्हेलडन अपघातात गेला. वय ३३. पुढच्या वर्षीच्या नव्या, जास्त सुरक्षित गाडीची चाचणी त्यानेच घेतली होती. त्या गाडीला त्याच्या आद्याक्षरांवरून ‘डीडब्ल्यू१२’ नाव दिलं गेलं. आणि ९८ नंबर? तो २०१६ मध्ये पुन्हा जिंकला, अलेक्झांडर रॉसीच्या हातात.

मला यातून जे दिसलं ते असं. ड्रायव्हरच्या आठवणीच्या मुळाशी एक अपघात असतो, त्यामुळे ती आठवण ‘हे पुन्हा घडू नये’ असं म्हणते. मालकाच्या आठवणीत ‘हे पुढच्या वर्षीही व्हावं’ असं असतं. पहिलीतून सुरक्षित गाडी निघते, दुसरीतून दरवर्षीची तारीख, मैदानाचं भाडं, बक्षिसाची रक्कम आणि विम्याचा हप्ता. सॉफ्टवेअरवाल्यांना हे पटकन कळेल. कोड लिहिणाऱ्याचं नाव सगळ्यांना माहीत असतं, सर्व्हरचं बिल वर्षानुवर्षं कोण भरतंय हे तो बंद पडल्यावर कळतं.

आपल्या देशातही असा एक माणूस होऊन गेला. कोइमतूरचा एस. करीवर्धन, कापडगिरण्यांच्या घराण्यातला. रेसिंगचं वेड होतंच, पण त्याने नुसत्या परदेशी गाड्या आणून उडवल्या नाहीत. मारुती ८०० चं इंजिन बसवलेली छोटी, एकाच माणसाची रेसकार त्याने इथेच बनवली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या या फॉर्म्युला मारुतीमुळे राजेमहाराजांचा हा खेळ थोडा खाली आला. नारायण कार्तिकेयनची सुरुवात याच गाडीतून झाली आणि २००५ मध्ये तो फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय झाला. करीवर्धन मात्र १९९५ मध्ये विमान अपघातात गेला होता. कोइमतूरजवळ चेट्टीपाळयमला २००३ मध्ये जो ट्रॅक सुरू झाला, त्याला त्याचं नाव आहे: करी मोटर स्पीडवे. तिथे धावणारी पोरं त्याच्या नावावरूनच धावतात म्हणा ना.

आता घरी येऊ. महाराष्ट्रात ही मालकाची परंपरा मोटारीत नाही, बैलात आहे. पुणे जिल्ह्यात घाटातली बैलगाडा शर्यत, विदर्भात शंकरपट. पटात गाडी हाकणारा धुरकरी जीव मुठीत धरून बसलेला असतो, पण भोंग्यावर पुकारा होतो तो मालकाचा आणि त्याच्या गावाचा. बैल कोणाचा, हा पहिला प्रश्न. आणि ढाल, गदा, बक्षीस बघा: ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ.’ अगाजानियनचे ९८ फेरे आणि आपली ही ओळ, दोन्ही एकाच जातीच्या.

आमच्याकडचा देवणी हा काही शर्यतीचा बैल नव्हे, तो मान खिल्लारचा. देवणी म्हणजे शेतात ओढणारा आणि गाय दूधही देणारी अशी दुहेरी कामाची जात. अंगावर काळे-पांढरे ठिपके असलेला शेवरा, पांढऱ्या अंगाचा पण काळ्या तोंडाचा वान्नेरा आणि सगळा पांढरा बालंक्या. पण बैल कोणाचा हा प्रश्न तिकडेही तितकाच पहिला. पोळ्याला शिंगं रंगवून निघालेली जोडी बघताना कासरा कोणाच्या हातात आहे हे कोणी बघत नाही.

बैलांच्या शर्यतीचा अलीकडचा इतिहास तुम्हाला ठाऊक असेल. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतींवरही बंदी आणली. २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, पण उच्च न्यायालयाने शर्यती रोखून धरल्या. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने दुरुस्ती वैध ठरवली. म्हणजे साडेसात वर्षं उघडपणे शर्यत नाही. या काळात ज्यांनी जोड्या विकल्या नाहीत, त्यांनी रोजचा चारा-पेंड कशासाठी घातला? पुढच्या वर्षी होईल या आशेवर. मालक म्हणजे काय, ते या साडेसात वर्षांत दिसलं.

पण इथे कॅलिफोर्निया आणि महाराष्ट्र वेगळे होतात, आणि हे गिळून टाकता येत नाही. पार्नेली जोन्स स्वतःच्या मर्जीने गाडीत बसला होता. बारगीरही पगार ठरवून घोड्यावर बसायचा. धुरकऱ्यालाही नको म्हणता येतं. बैलाला येत नाही. पराणी टोचून, शेपटी पिरगाळून, विजेचा झटका देऊन पळवलेला बैल कोर्टात बोलू शकत नव्हता, म्हणून दुसरे बोलले आणि ते बरोबरच झालं. बंदी उठल्यावर या प्रकारांना मनाई करणाऱ्या अटी आल्या, त्या कोणाची कटकट म्हणून आलेल्या नाहीत.

म्हणून मला वाटतं, मालकाच्या नावाने शर्यत ठेवायची तर मालकाचं काम पुढे न्यावं. निम्मं काम खेळ चालू ठेवण्याचं, ते आपल्याला छान जमतं. फ्लेक्स लागतात, ढाल येते, मंडप पडतो. उरलेलं निम्मं काम पळणाऱ्याची काळजी घेण्याचं. उदगीरला सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, बैलाच्या खुरापासून छातीपर्यंत सगळं तपासू शकणारी माणसं तिथे तयार होतात. ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ या ओळीखाली बक्षिसाची रक्कम जितक्या मोठ्या अक्षरात छापतो, तितक्याच अक्षरात तपासणी करणाऱ्या डॉक्टरचं नाव छापायला काय हरकत आहे? ज्या माणसाने आयुष्यभर आधी जोडीला पेंड घातली आणि मग स्वतः जेवला, त्याला हे जास्त आवडेल.

असो. चहा संपला असेल. तुमच्या गावात कोणाच्या स्मरणार्थ काय पळतं, तेही एकदा विचारून बघा. ढालीवरच्या नावामागे बहुतेक वेळा एक गोष्ट असते आणि ती सांगणारा अजून कोणीतरी जिवंत असतो.