नहरीचें पाणी आणि शाळेंतील भूशास्त्र

मलिक अंबर यानें इ. स. १६१० मध्यें खडकी येथें नवें नगर वसविलें. या वाढत्या वस्तीस पाणी कोठून आणावयाचें, हा प्रश्न सहज सुटणारा नव्हता. उत्तरेकडील डोंगरांच्या पायथ्याशीं मुरलेलें पाणी भूमिगत मार्गांनीं एकत्र करून, केवळ उताराच्या बळावर, तें नगरांत आणण्यांत आलें. हीच नहर-ए-अंबरी होय. पाणचक्कीसहि अशाच एका नहरीचें पाणी मिळालें. तेथें उंचावरून कोसळणाऱ्या धारेनें जातें फिरे आणि फकीर व यात्रेकरू यांच्यासाठीं धान्य दळलें जाई.

डोंगरांत हें पाणी सांठतें कसें, याचें उत्तर भूशास्त्र देतें. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं दख्खनवर लाव्हारसाचे थरावर थर पसरले. त्यांचा झालेला काळा कातळ मुळांत घट्ट असतो; परंतु त्याच्या भेगांत व झिजलेल्या थरांत पाणी मुरतें. वेरूळचें कैलास लेणें याच कातळांत कोरलेलें आहे.

हा पाठ पुस्तकापेक्षां मोजमापानें अधिक चांगला समजतो. शाळेच्या आवारांत पर्जन्यमापक ठेवावा. जवळच्या विहिरींत दर आठवड्यास वजन बांधलेली फीत सोडून कांठापासून पाण्यापर्यंतचें अंतर मोजावें, आणि दोन्ही आंकडे एकाच आलेखावर मांडावे. एका चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तेव्हां १०० चौरस मीटरच्या छपरावर १० मिलीमीटर पाऊस पडला, तर १,००० लिटर पाणी होतें. पहिल्या सरींनीं विहीर बहुधा चढत नाहीं, कारण कोरडी माती आधीं आपली तहान भागविते, हेंहि आलेखावरून मुलांस उमगेल. १९७२ सालीं स्थापन झालेली राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींच्या पातळ्या नोंदवीत आली आहे. त्या नोंदींशीं आपल्या नोंदी ताडून पाहाव्या.

आज छत्रपती संभाजीनगरास मुख्यतः पैठणच्या जायकवाडी जलाशयांतून पंपांनीं चढविलेलें पाणी मिळतें, आणि जुन्या नहरी बऱ्याच ठिकाणीं बुजल्या आहेत. डोंगरउतारावर पाणी मुरावयास जागा उरली नाहीं, तर उरलेल्या नहरीहि कोरड्या पडतील. वर्षभर विहीर मोजलेल्या मुलास हें निराळें सांगावें लागणार नाहीं.